कानबाईचा दिवा आणि कपाटातली मी

“बाबा, आपली बॅटरी पादते का हो?”

मित्रांनो, असा प्रश्न कुणी भर सणाच्या दिवशी, खोलीभर बायका बसलेल्या असताना, आपल्या सख्ख्या वडिलांना विचारतं का? पण चंदाने विचारला! मंगला आणि वर्गातल्या दोघीजणींनी तिला चढवलं होतं. “हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचारून दाखव,” असं मंगला तिच्या कानात पुटपुटली. दहावीत गेल्यापासून चंदाचं असं झालंय, की तिच्यासमोर हिंमतीचं नुसतं नाव काढायचा अवकाश.

आणि ज्या बॅटरीबद्दल हा प्रश्न होता ना, ती मीच. मी एक जुनी सोलर बॅटरी आहे. दिसायला काळी, अंगाने जड, पण स्वभावाने अगदी सभ्य. आजवर मला कुणी लक्ष्मी म्हटलं होतं, कुणी घरची पाहुणी म्हटलं होतं. आणि आता हे? मी कपाटात बसल्या बसल्या चाटच पडले. त्या दिवशी मला बसलेला हा पहिला धक्का. खरं सांगते, तो सगळ्यांत लहान होता.

पण थांबा, आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शिसं वितळवून त्याच्या जाड जाड पट्ट्या केल्या, त्या माझ्या पोटातल्या सहा कप्प्यांत बसवल्या, वरून पाणी मिसळलेलं आम्ल भरलं आणि प्रत्येक कप्प्याला एकेक झाकण लावलं. शेजारच्या रांगेत ट्रकच्या बॅटऱ्या तयार होत होत्या. त्यांचा रुबाब मोठा! एक जोरदार झटका द्यायचा, इंजिन सुरू करायचं आणि मग आराम. माझं काम वेगळं. दिवसभराचं ऊन सावकाश पोटात साठवायचं आणि मग तासन्‌तास थोडं थोडं द्यायचं. मला तर माझंच काम आवडलं.

तिथून मी सिल्व्हासा शहरातल्या एका दुकानात आले. एके दिवशी तिथे वाल्मिकभाऊ आले. हे चंदाचे बाबा. मूळचे खानदेशातल्या चोपड्याकडचे. सायली गावातल्या एका सूत कारखान्यात मशीनवर काम करतात आणि नरोलीला भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्याबरोबर आलेला गाववाला म्हणत होता, “ट्रकवाली घे ना भाऊ, स्वस्तात काम.” पण वाल्मिकभाऊंनी खोदून खोदून विचारलं आणि मलाच उचललं. कारण ट्रकच्या बॅटरीला रोज रिकामं करून पुन्हा भरलं, तर ती बिचारी लवकर दमते. निवड अगदी बरोबर होती. मला वाटलं, चला, शहाण्या घरी पडले!

आणि घर खरंच चांगलं होतं हो. वीजबिल वाचवायला चाळीचा मालक रोज दुपारी मेन स्विच खाली पाडायचा. तोच तर चंदाच्या आईचा, सुनंदाताईंचा, शिवणाचा वेळ. माझ्या आधी त्या पायाने मशीन मारून मारून गुडघे धरून बसायच्या. मी आले, पत्र्यावर पॅनल चढलं, मशीनला छोटी मोटर लागली, आणि पहिल्या दुपारी ती मोटर अशी काही भिरभिरली, की सुनंदाताईंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. बॅटरीची दृष्ट काढलेली तुम्ही कधी ऐकलीय का? माझी काढली!

मग माझे लाड सुरू झाले. आणि मित्रांनो, नीट लक्ष द्या, कारण माझी वाट लागली ती या लाडांनीच.

उंदीर वायर कुरतडतील, धूळ बसेल, लहान पोरं हात लावतील, म्हणून वाल्मिकभाऊंनी माझ्यासाठी प्लायवूडचं कपाट बनवलं. स्वतःच्या हाताने. दारांना रबराची पट्टी, वर कडी. “मुंगी शिरायची नाही!” असं ते छाती फुगवून सांगायचे. मुंगी शिरत नव्हती हे खरं. पण वारासुद्धा शिरत नव्हता, त्याचं काय?

मला तहान लागायची. चार्ज होताना माझ्यातलं पाणी थोडं थोडं उडून जातं. तेव्हा मला डिस्टिल्ड वॉटर द्यायचं असतं. ते बाटलीत मिळतं, त्यात क्षारबिर काही नसतं. वाल्मिकभाऊ मात्र माझ्यासाठी कंपनीच्या कूलरमधलं पाणी आणायचे. “साहेब लोक पितात ते पाणी आहे, हिलाही तेच,” असं म्हणून प्रेमाने भरायचे. माणसाला चांगलं ते बॅटरीला चांगलं असतं, असं थोडंच आहे? त्यातले क्षार माझ्या पट्ट्यांवर थरावर थर बसत गेले. माझ्या डोक्यावरच्या, वायर जोडायच्या टोकांना पांढरी-हिरवी बुरशी धरली, तर त्यांनी ती घासून काढायच्या ऐवजी वायर हातानेच पिळून वर कापड गुंडाळलं. पाना लावून आवळली नाही. दसऱ्याला त्या कापडावर हळदकुंकू. मी आतल्या आत म्हणायचे, अहो भाऊ, मला पूजा नको, मला थोडा सोडा आणि पाना द्या! पण बॅटरीला तोंड कुठे असतं?

असो. आता त्या सणाच्या रविवाराकडे येते.

कानबाई ही देवी म्हणजे खानदेशातल्या लोकांचा जीव. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, साज चढवायचा, चौरंगावर बसवायची. गव्हाचे रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. नरोलीतल्या खोल्यांत राहून तापी आठवणाऱ्या या लोकांना त्या दिवशी गाव परत मिळतं. चाळीत वाल्मिकभाऊंची खोली त्यातल्या त्यात मोठी, म्हणून कानबाई तिथेच बसणार होती. आणि खोलीत सगळ्यांत भक्कम, सगळ्यांत स्वच्छ, पाठीला टेकू मिळेल अशी जागा कोणती? माझं कपाट!

चौरंग माझ्या दाराला जवळजवळ चिकटवून ठेवला. कपाटावरून सुनंदाताईंची नवी कोरी साडी पडद्यासारखी सोडली. उरल्यासुरल्या फटीही झाकल्या. शिवण बंद, कारण सण. पंखा बंद, कारण वाऱ्याने दिवा विझायला नको. म्हणजे माझ्यातून काही बाहेर जात नव्हतं. आणि वर पत्र्यावर ऊन असं कडक, की पॅनल माझ्या पोटात चार्ज ढकलतंय, ढकलतंय, ढकलतंय! मी केव्हाच भरले होते. माझ्यातलं पाणी खदखदायला लागलं, अंग तापलं, झाकणांतून हवा बाहेर पडायला लागली.

आणि वास सुटला. सडक्या अंड्याचा. तो चंदाच्या मैत्रिणींना आला आणि त्यातून तो प्रश्न निघाला.

प्रश्न ऐकल्यावर काय झालं ते आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. बायकांनी तोंडावर पदर धरले. एकीच्या हातातली आरतीची वाटी हसता हसता कलंडली. वाल्मिकभाऊंचा चेहरा लालेलाल.

“चूप गं! देवीसमोर काय बोलायचं, काही कळतं?”

शेजारच्या खोलीतल्या कोंडाबाई कानबाईच्या गाण्यांत सगळ्यांच्या पुढे. त्या चौरंगासमोर अगदी जवळ पाट टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “वाल्मिक, पोरीले जास्तच शिकाडं तू!”

“आजी, चेष्टा नाही, वास खरंच येतोय,” मंगला म्हणाली. मंगलाचे आईवडील सरकारी नोकरीतले, कोकणातले. ती या सणाला पहिल्यांदाच आली होती. “चंदा, गजानन सरांना विचार. त्यांना विज्ञानातलं सगळं येतं.”

“हाच प्रश्न? असाच?”

“का? घाबरलीस?”

झालं! चंदाने फोन काढला आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वर ‘सडक्या अंड्याचा वास येतोय’ असं जोडून सरांना बोलून पाठवला. मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यावर कोसळून हसायला लागल्या. मी आत धुमसत होते. म्हटलं, करा, करा चेष्टा!

कोंडाबाईंनी दिवा लावला. माझ्या दारापासून हातभरही नसेल तो. गाणं सुरू झालं. आणि नेमकं तेव्हाच सरांचं उत्तर आलं. चंदाने फोन कानाला लावला, पण आवाज मोठा होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

“अगं चंदा, प्रश्न काय भाषेत विचारतेस! पण उत्तर हो असंच आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्याला वास नसतो, पण तो बंद जागेत साठला आणि ठिणगी पडली, तर बॅटरी फुटते. आणि तू म्हणतेस तसा अंड्याचा वास येत असेल, तर ती फार तापलीय. तुमची बंद कपाटात आहे का? असली तर आधी दारं उघडा. जवळ दिवाबिवा अजिबात लावू नका हं.”

चंदाचं हसू जागच्या जागी गोठलं.

मित्रांनो, मीसुद्धा गोठले. म्हणजे तेवढी तापलेली असूनही! मला माहीतच नव्हतं. माझ्या पोटातून जे निघतं ते काय आहे, हे मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. ज्या घराने माझी दृष्ट काढली, त्या घरातल्या बायकापोरांमध्ये मी बॉम्ब होऊन बसले होते? मी?

“थांबा! थांबा सगळ्या!” चंदा ओरडली. “दिवा काढा तिथून!”

गाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? ती माणसांतून वाट काढत पुढे आली. तिने खाली वाकून फू केलं आणि कानबाईचा दिवा विझवला.

गाणं तुटलं. आता माझ्या पोटातली खदखद मला स्वतःला ऐकू यायला लागली. देवीचा दिवा! तोही तोंडाने फुंकून!

“माय वं!” कोंडाबाईंनी कपाळावर हात मारला. “हाई काय करी टाकं वं पोरी! तुले काही समजस का?”

सुनंदाताईंचा हात वर गेला होता. तो खाली यायच्या आत चंदाने फोन पुढे धरला आणि सरांचा निरोप पुन्हा वाजवला. “आई, ऐक. आधी ऐक, मग मार.”

“सरांनी आपलं कपाट बघितलंय का?” वाल्मिकभाऊ काडेपेटी घेऊन उठले. “मी तिला हाताने पाणी पाजतो, मला शिकवते? हो बाजूला.”

“नाही सरकणार.” तिने साडी ओढून काढली आणि चौरंगावरून हात घालून माझी कडी काढली आणि दार चौरंगाला अडेपर्यंत ओढलं. आतली गरम हवा तिच्या तोंडावर आदळली. तिने नाक दाबलं. “हात लावून बघा, बाबा. चुलीसारखी तापलीय. सगळ्या बाहेर चला ना! कोंडाआजी, उठा.”

“देवीले एकटी टाकीसन मी उठावं? नहीं उठाव मी,” कोंडाबाई म्हणाल्या. एकदा बसवलेली कानबाई विसर्जनापर्यंत हलवत नाहीत. देवी हलणार नाही म्हणून कोंडाबाई हलणार नाहीत, आणि कोंडाबाई हलणार नाहीत म्हणून एकही बाई जागची उठेना. सगळ्या माझ्या तोंडासमोर बसलेल्या! मला वाटत होतं, आपणच पाय काढून पळावं. पण बॅटरीला पायही नसतात.

मग जे झालं ते मला कधीच वाटलं नव्हतं. सुनंदाताई पुढे आल्या. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं. पदर खोचला, वाकल्या, आणि कानबाईला चौरंगासकट उचललं.

“सुनंदा!” वाल्मिकभाऊ ओरडले.

“देवी आई आहे ना? आईला राग आला तर माझ्यावर येऊ दे,” असं म्हणत त्या ओट्यावर निघाल्यासुद्धा. देवी निघाली तशा कोंडाबाई उठल्या, कोंडाबाई उठल्या तशी सगळी खोली उठली. परात, ताटं, पोरं, सगळं बाहेर. शेवटी चंदा.

वाल्मिकभाऊ एकटे आत राहिले. घामाने निथळत होते, रागाने धुमसत होते. “सणाचा पार विचका केला,” असं पुटपुटत ते खोलीच्या दाराशी गेले आणि उकडतंय म्हणून त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

पंखा एकदम सुरू झाला की माझ्याकडून झटक्यात बराच करंट ओढतो. माझ्या टोकावरची ती सैल, कापडात गुंडाळलेली वायर तडतडली. एवढीशी ठिणगी. कपाटाचं दार तर नुकतंच उघडलं होतं, वारा अजून आत शिरायचा होता.

फाट्!

माझ्या डोक्याचा एक तुकडा उघड्या दारातून उसळून पत्र्यावर आदळला आणि खाली पडला, तो थेट कोंडाबाईंच्या पाटावर. आम्लाचे शिंतोडे भिंतीवर, जमिनीवर, खाली पडलेल्या नव्या साडीवर. वाल्मिकभाऊ दाराशी होते म्हणून वाचले, तरी काही थेंब त्यांच्या हातावर उडाले. चंदाने ओट्यावरच्या पिंपातून बादल्यांमागून बादल्या पाणी त्यांच्या हातावर ओतलं. “अजून! अजून!” म्हणत ती ओततच राहिली. सरांना पुन्हा फोन गेला. मग जमिनीवर खाण्याचा सोडा टाकला, पॅनलची वायर तोडली.

त्या नव्या साडीला हळूहळू भोकं पडत गेली. बायका दारातून बघत होत्या. कोंडाबाई आपल्या पाटाकडे बघत होत्या आणि त्यांची बोटं स्वतःच्या डोळ्यांवरून फिरत होती.

“मी तर तिला जपत होतो,” वाल्मिकभाऊ म्हणाले. त्यांचा ओला हात तसाच पुढे धरलेला. “मी तर जपत होतो ना?”

कोंडाबाईंनी काडेपेटी उचलली आणि चंदाच्या हातात ठेवली. “लाव पोरी. आते तूच लाव.” ओट्यावर, मोकळ्या हवेत, कानबाईचा दिवा पुन्हा लागला.

दुसऱ्या दिवशी दमणगंगा नदीवर विसर्जन झालं, आणि संध्याकाळी मला टबात बसवून तिघं सिल्व्हासाला त्याच दुकानात आली. जुन्या बॅटऱ्यांच्या ढिगाशेजारी मला ठेवलं. तिथूनच मी तुमच्याशी बोलतेय. आता मी पुन्हा भट्टीत जाईन, माझं शिसं वितळेल, कदाचित दुसरी बॅटरी होईन. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला वाईट वाटतं ते इतकंच, की माझ्यावर माया करणाऱ्यांना माझी रीत कुणी सांगितली नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला वारा द्या, सावली द्या. पाणी बाटलीतलंच द्या, तेही खुणेपर्यंतच. तिची टोकं साफ करून, पान्याने आवळून, वर व्हॅसलीन लावा. तिच्यातला चार्ज तळ गाठेपर्यंत तिला पिळू नका. आणि मोठी माणसं उघडतील तेव्हाच जवळ जा. एवढं केलंत तर ती वर्षानुवर्षं तुमचा पंखा फिरवील.

दुकानात मात्र वाल्मिकभाऊ नव्या बॅटऱ्यांकडे बघायलाच तयार नव्हते. “नको आता. पॅनल उतरवतो.”

“आणि माझं दुपारचं शिवण?” सुनंदाताईंनी हळूच विचारलं. त्यांचा हात नकळत गुडघ्यावर गेला होता.

काउंटरवर सुमित होता, गुजराती वळणाचं मराठी बोलणारा मालकाचा पुतण्या. “काका, लिथियम घ्या ने. पाणी नाही, गॅस नाही.”

“आमच्या जुन्या चार्जरवर चालेल ती?” चंदाने लगेच विचारलं.

सुमितने डोकं खाजवलं. “ना. चार्जर पण बदलायला लागेल.”

“मग आत्ता हिच्यासारखीच द्या. पण ती कपाटात नाही राहणार. ओट्यावर, छपराखाली, जाळीच्या पिंजऱ्यात.” माझ्यासारखीच! माझी छाती फुगली, फुटकी असली तरी.

“कपाट?” सुमित म्हणाला. “ते रबरपट्टीवालं? तसंच मी सामरवरणीला भिकाभाऊकडे बघितलं. दार काढा बोललो, तर बोलले, आमच्या वाल्मिकभाऊने खास बनवून दिलंय, याला हात नाही लावायचा.”

वाल्मिकभाऊ दुकानाच्या पायरीवर मटकन खाली बसले.

मित्रांनो, मला वाटलं होतं की आता धक्के संपले. पण त्यांचा चेहरा मी पाहिला आणि फुटताना नव्हते हादरले इतकी हादरले.

“भिकाला मीच दिलं,” ते म्हणाले. “नवनाथला दिलं. सायलीच्या कारखान्यातल्या पोरांच्या खोलीवर दिलं. जो गाववाला बॅटरी घेईल त्याला सुट्टीच्या दिवशी बनवून दिलं. कौतुक करायचे माझं...”

“फोन करा ना,” सुनंदाताई म्हणाल्या.

“फोनवर कोण ऐकणार? मी तरी ऐकलं का, पोरगी समोर उभी होती तरी? आणि कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्या दारात?”

चंदा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हसत नव्हती, रडतही नव्हती.

“आई, बाबा, मी ठरवलंय. नवी बॅटरी आज न्यायची नाही, ती इथेच राहू दे. आधी सामरवरणीला जायचं, मग नवनाथकाकांकडे, मग जिथे जिथे कपाट आहे तिथे. सगळी दारं निघाल्याशिवाय मी घरी येणार नाही. बाबा, स्क्रू तुम्ही बसवलेत, ते तुम्हीच काढायचे. बोलणी बसली, तर पुढे मी उभी राहीन.”